हायस्कुलातील ॲनिमेशन : कारागिराच्या मुलाने काय शिकावे, किती शिकावे

"मुलगा नववीत आहे. वहीच्या समासात सारखी चित्रे काढीत असतो. शाळेत संगणकावर ॲनिमेशन शिकवितात, तो विषय घेऊ का म्हणून विचारतो. घेऊ द्यावा काय?" अशी विचारणा हल्ली दुकानावर, कारखान्यात, जुम्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर कानी पडते. विचारणारा बाप बहुधा कारागीर किंवा छोटा दुकानदार असतो. त्याच्यापुढे प्रश्न हौसेचा नसतो. मुलगा दोन-तीन वर्षांत हाताशी येईल, मागावर किंवा रंध्यावर उभा राहील, घरात एक कमाई वाढेल, असा हिशेब त्याने मनाशी मांडून ठेवलेला असतो. त्या हिशेबात ही नवी भानगड कोठे बसवायची हे त्याला कळत नाही.

मग होते असे की, एक तर "कार्टूनबाजीने पोट भरत नाही" म्हणून मुलाला गप्प केले जाते, नाही तर दहावी होताच घरातील दागिना मोडून एखाद्या खाजगी क्लासची भली मोठी फी भरली जाते. दोन्हींत नुकसान आहे. आमचे मत असे की, हे हुन्नर शाळेत मिळत असेल तर शाळेतच, शाळेच्या वेळात आणि शाळेच्या फीमध्ये शिकू द्यावे आणि ते शिकत असताना बापाच्या धंद्याशी मुलाचे नाते तुटू देऊ नये. हे मत का, ते कळण्यासाठी आधी ॲनिमेशन म्हणजे काय हे बापाला स्वतःला समजले पाहिजे. ते फारसे अवघड नाही. यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

पिक आणि फ्रेम

कापड सलग दिसते, पण ते सलग नसते. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की बाण्याचा एक धागा पडतो, त्याला आपण पिक म्हणतो. इंचात ४८ पिक की ५२, यावर कापडाचा पोत आणि भाव ठरतो. हलते चित्रही असेच आहे. ते सलग दिसते, पण प्रत्यक्षात एकामागून एक स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकत असतात. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, आपल्याकडील टी.व्ही.च्या पद्धतीत २५. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेम ठेवून काम भागवितात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. एवढ्यावरही मिनिटाला ७२० चित्रे लागतात. पातळ कापड आणि दाट कापड, तसाच हा प्रकार.

ज्यांनी जॅकार्डवर काम केले आहे त्यांना तर आणखी एक गोष्ट सांगता येईल. नक्षीसाठी जी भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे लावतात, त्यांतील एकेक कार्ड म्हणजे एकेका पिकाचा हुकूम. फ्रान्समधील लियों शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. पुढे इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच भोकांच्या कार्डांची कल्पना उचलली. संगणकाच्या वंशावळीत विणकराचे नाव असे वरच्या बाजूला येते. संगणक ही आपल्या घराण्यातली चीज नव्हे असे समजणाऱ्या मोमीन बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

ॲनिमेशन हे संगणकाच्या आधीचे आहे, हेही सांगितले पाहिजे. आज जे सर्वांत जुने पूर्ण लांबीचे ॲनिमेशनपट शिल्लक आहेत त्यांत पहिले नाव घेतात ते जर्मनीच्या लोटे रायनिगर या बाईंच्या १९२६ सालच्या 'प्रिन्स अहमद' या चित्रपटाचे. कथा 'अलिफ लैला'तून घेतलेली. काळा कागद व शिशाचे पत्रे कात्रीने कापून त्यांच्या सांध्यांना तार लावायची, ते थोडे थोडे सरकवायचे आणि प्रत्येक वेळी एक छायाचित्र घ्यायचे, अशी ती पद्धत होती. म्हणजे मुख्य हत्यार कात्रीच! आपल्या मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ मध्ये सुरू झाला. तेथे डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांनी आपल्या मुलांना शिकविले. राम मोहन त्याच तालमीतून पुढे आले. संपूर्ण संगणकावर केलेला पहिला मोठा चित्रपट 'टॉय स्टोरी' १९९५ सालचा. हत्यार बदलले, हुन्नर तेच राहिले.

शाळेत नेमके काय शिकवितात

पहिल्या दिवशी मुलगा घरी येऊन म्हणेल, "आज चेंडू उडविला." बापाला वाटेल, फी यासाठी भरली काय! पण चेंडू हाच या विद्येतील 'अलिफ' आहे. जगभर सुरुवात तेथूनच होते.

चेंडू वरून सोडला की आधी हळू, मग वेगाने खाली येतो. म्हणून वरच्या टोकाशी चित्रे एकमेकांना चिकटून काढावी लागतात आणि जमिनीजवळ लांब लांब. सगळी अंतरे सारखी ठेवली तर चेंडू पडल्यासारखा दिसत नाही, कोणी दोरीने खाली सोडल्यासारखा दिसतो. चेंडू रबराचा की लोखंडाचा, हे रंगावरून कळत नाही. तो किती वर उसळला आणि किती लवकर थांबला यावरून कळते. विद्यार्थ्याने आधी महत्त्वाच्या जागा ठरवायच्या : वरचे टोक, जमीन, पुन्हा वरचे टोक. या झाल्या की-फ्रेम. मधल्या जागा भरणे हे दुसरे काम. पूर्वी मोठा चित्रकार की-फ्रेम काढी आणि त्याच्या हाताखालची पोरे मधली चित्रे भरीत. आता मधला भराव संगणक करतो. पण तो मुकाट्याने ठराविक हिशेबाने भरतो. त्याला वजन शिकवावे लागते, ते काम माणसाचे.

येथेच कारागिराच्या मुलाचा फायदा आहे. घण खाली येताना कसा येतो, करवत कोठे अडते आणि कोठे सुटते, धोटा पेटीत शिरताना कसा आपटतो, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे त्याच्या डोळ्यांत वजन आणि वेग आधीच बसलेले असतात. बंगल्यातल्या मुलाला ते पुस्तकातून शिकावे लागते. डिस्नेच्या दोन जुन्या कलावंतांनी, फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनी, १९८१ मध्ये या विद्येची १२ तत्त्वे लिहून काढली. त्यांतील निम्मी आपल्या कोणत्याही उस्तादाला वेगळ्या शब्दांत ठाऊक असतात. घाव घालण्याआधी हात मागे जातो, हे त्यातलेच एक तत्त्व!

चेंडूनंतर घड्याळाचा लंबक येतो, मग पिठाची गोणी, मग चालणारा माणूस. चालण्याची दोन पावले काढून तीच पुन्हा पुन्हा फिरवितात. शेवटची फ्रेम पहिल्या फ्रेमला अशी जुळली पाहिजे की सांधा दिसता कामा नये. कापडाच्या नक्षीत रिपीट बसविणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) हिमरूवाल्यांचा सारा धंदाच सांधा न दिसू देण्यावर उभा आहे.

त्यानंतर त्रिमितीचे, म्हणजे थ्रीडीचे काम. यात खाती असतात, जशी आपल्याकडे वार्पिंग, साइझिंग, बीम, कांडी आणि माग अशी खाती वेगळी असतात. पहिले मॉडेलिंग, म्हणजे संगणकावर वस्तू घडविणे. हे सुताराचे काम. दुसरे टेक्स्चरिंग, म्हणजे तिच्यावर लाकूड, पितळ, कापड यांचा पोत चढविणे. यासाठी गोल वस्तूचे कातडे उलगडून सपाट करावे लागते. शिंपी काय करतो? गोल अंगासाठी सपाट कापड बेततो. तेच उलट्या बाजूने. तिसरे रिगिंग, म्हणजे आत हाडांचा सांगाडा बसविणे. मग प्रत्यक्ष हालचाल, मग दिवे लावणे. शेवटी रेंडरिंग, म्हणजे संगणकाने एकेक फ्रेम पक्की करून बाहेर काढणे.

या शेवटच्या खात्याचा हिशेब मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून तो येथे मांडतो. एका मिनिटाचे चित्र म्हणजे ६० गुणिले २४, एकूण १४४० फ्रेम. साध्या संगणकाला एका फ्रेमला दोन मिनिटे लागली तर २८८० मिनिटे, म्हणजे सलग ४८ तास. मध्ये वीज गेली तर? एकेक फ्रेम वेगळी साठवून ठेवली असेल तर तेथून पुढे चालू करता येते. सबंध चित्रफीत एकदम काढायला लावली असेल तर सारे मुसळ केरात. शाळेत ही सवय पहिल्या महिन्यातच लागली पाहिजे.

एका वर्षात हायस्कूलचा विद्यार्थी कोठवर पोचेल? पंधरा ते वीस सेकंदांचे स्वच्छ काम त्याला स्वतःचे स्वतः करता आले तर वर्ष सार्थकी लागले असे समजावे. तो 'ॲनिमेटर' झाला असे कोणी म्हणू लागला तर विश्वास ठेवू नये. सहा महिन्यांत कोणी उस्ताद होत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

एक लाख युरोंचा चंदा

सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते आणि ते महाग असते, ही समजूत आता जुनी झाली. ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात वर सांगितलेली सर्व खाती आहेत. त्याची हकिकत आपल्या वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. हॉलंडमधील टॉन रोझेंडाल यांनी ते तयार केले होते. कंपनी बुडाली आणि सॉफ्टवेअर भांडवलदारांकडे अडकले. तेव्हा २००२ मध्ये रोझेंडाल यांनी ते सोडवून घेण्यासाठी एक लाख युरोंचा चंदा मागितला. जगभरच्या वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत तो पुरा केला. तेव्हापासून ते सर्वांसाठी कायमचे खुले झाले. कोणालाही वापरता येते, सुधारता येते, पण कोणाला ते आपल्या तिजोरीत कोंडता येत नाही. वक्फ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची जरुरी नाही.

फुकटची वस्तू हलकी असते, असेही कोणी म्हणेल. लॅटव्हिया या लहानशा देशातील गिंट्स झिल्बालोडिस यांनी 'फ्लो' हा चित्रपट याच ब्लेंडरवर केला. २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. सपाट चित्रांसाठी क्रिटा, ओपनटून्झ, पेन्सिल टूडी हीही फुकट साधने आहेत. तेव्हा चोरीची सीडी किंवा 'क्रॅक' केलेली प्रत वापरण्याचे कोणतेही कारण उरत नाही. दुसऱ्याचा माल न विचारता उचलून त्यावर रोजी कमवायची, ही गोष्ट दुकानदारीत आपण हराम मानतो, ती संगणकावर हलाल होत नाही. शिवाय अशा प्रतींतून विषाणू शिरतात आणि दुकानाचे हिशेबही त्याच संगणकावर असले तर पंचाईत होते.

संगणकाला निदान आठ जीबी स्मरणशक्ती आणि बऱ्यापैकी ग्राफिक्सची सोय हवी. घरी लगेच नवा घेऊ नये. वर्षभर शाळेचा वापरावा. मुलाची ओढ टिकली तर पाहावे. जुना चांगला मिळाला तर जाणकाराला दाखवून घ्यावा.

शाळेत हा विषय कोठे बसतो

केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या शाळांसाठी जे कौशल्य विषय ठरविले आहेत त्यांत मल्टिमीडिया हा विषय आहे. भोपाळची पंडित सुंदरलाल शर्मा व्यावसायिक शिक्षण संस्था शालेय व्यवसाय शिक्षणाचे अभ्यासक्रम तयार करते. माध्यम व मनोरंजन या क्षेत्रात टेक्स्चरिंग आर्टिस्ट, ॲनिमेटर अशा कामांचा विचार त्यांत केलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून मुलांना हातकामाची, व्यवसायाची ओळख द्यावी असे म्हटले आहे. विषय यादीत असणे आणि आपल्या शाळेत असणे या मात्र दोन गोष्टी आहेत. शाळेने तो घेतला आहे काय, शिक्षक आहे काय आणि प्रात्यक्षिक खरोखर होते काय, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापकांना सरळ विचारावे.

विषय नसला तरी दार बंद होत नाही. संगणकाचा तास असतो, चित्रकलेचा तास असतो. दोन शिक्षकांनी मनावर घेतले तर आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर एक तास चालविता येतो. अनेक शाळांत संगणक कक्ष आहे आणि त्याच्या दाराला कुलूप आहे. खराब होतील म्हणून वापरायचे नाहीत आणि न वापरल्याने खराब झाले, असा तो मामला असतो. आपल्या संस्थाचालकांमध्ये व्यापारी मंडळी बरीच आहेत. गोदामात पडून राहिलेल्या मालाची किंमत त्यांना वेगळी समजावून द्यावी लागू नये.

उर्दू माध्यमाच्या मुलांना भाषेची भीती दाखविली जाते. सॉफ्टवेअरमधील शब्द इंग्रजी असतात हे खरे, पण रोजच्या वापरातले शब्द शंभरेक असतील. मोटार मेकॅनिकच्या हाताखालचा पोर क्लच, गिअर, पिस्टन हे शब्द कोणत्या शाळेत शिकला होता? फार तर एका वहीत शब्द आणि समोर त्याचे काम असे लिहून काढावे.

चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. राज्याचे कला संचालनालय त्या घेते आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत वाढीव गुणही मिळतात. हाताने रेघ ओढता येत नाही आणि संगणक ती ओढून देईल, या भ्रमात राहून या विद्येत कोणी पुढे गेलेला नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट. हे काम बसून, घरातून, आपल्या वेळेनुसार करता येते. मेंदीची नक्षी, भरतकामाची नक्षी ज्या मुलींच्या बोटांत आहे त्यांना रेषेची लय नव्याने शिकावी लागत नाही. "मुलीला कशाला" असे म्हणण्याआधी तिची वही एकदा उघडून पाहावी.

तस्वीरचा प्रश्न

काही पालक दबक्या आवाजात विचारतात की, जिवंत प्राण्यांची चित्रे काढणे शरीअतला चालेल काय. प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. याबाबत उलेमांत मतभेद आहेत. काही सर्वच प्रतिमांना मनाई करतात. काही पडद्यावरील चित्र आणि घडविलेली मूर्ती यांत फरक करतात. काही हजरत आयशा (रजि.) यांच्या बाहुल्यांच्या हदीसच्या आधारे मुलांच्या शिक्षणापुरती सवलत देतात. निवाडा देणे हे व्यापाराच्या पानाचे काम नाही. ज्या आलिमांवर आपला भरवसा आहे त्यांना विचारावे.

आम्ही एवढेच सांगू की, या विद्येतील पुष्कळसे काम असे आहे की त्यात प्राणी नसतोच. यंत्राचे भाग, इमारत, दागिना, फर्निचर, अक्षरे, भूमितीची नक्षी. जाळीकाम आणि कोनांची नक्षी हा तर आपल्या पूर्वजांचा वारसा. एक तारा फिरत फिरत सबंध भिंत भरून टाकतो, हे चलचित्रात दाखविण्याइतके सुंदर दुसरे काही नसेल. दुसरीकडे मलेशियात 'उपिन व इपिन' ही मालिका २००७ च्या रमजानमध्ये मुलांना रोजाची ओळख व्हावी म्हणून सुरू झाली आणि तिच्यावर मोठा धंदा उभा राहिला. दुबईची 'फ्रीज' ही मालिकाही २००६ च्या रमजानमधली. ज्यांना तो मार्ग मान्य आहे त्यांच्यापुढे ही उदाहरणे आहेत.

मजुरी की स्वतःचा माल

आता धंद्याची गोष्ट. ॲनिमेशनची भरभराट होणार, सरकार लक्ष घालीत आहे, असे तुम्ही वाचले असेल. ते खोटे नाही. केंद्राने २०२२ च्या अर्थसंकल्पात या क्षेत्रासाठी कृतिदल जाहीर केले. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत 'वेव्हज' परिषद झाली. त्याच वर्षी मुंबईतच या विषयाची एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली.

पण भिवंडी-मालेगावच्या माणसाला एक फरक चटकन कळेल. मागवाला स्वतःचे सूत घेऊन स्वतःचे कापड विकतो तेव्हा तो धंदा असतो. दुसऱ्याचे सूत आणून पिकावर मजुरी घेतो तेव्हा तो जॉबवर्क असतो. जॉबवर्कमध्ये मंदीचा पहिला फटका मजुरीवाल्याला बसतो. आपल्या देशातील ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सचे पुष्कळसे काम परदेशी चित्रपटांचे जॉबवर्क आहे. 'लाइफ ऑफ पाय'मधील वाघ ज्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने घडविला, तिचे मुंबई व हैदराबादेतही स्टुडिओ होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या कामाला ऑस्कर मिळाले आणि त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही जुनी नामांकित कंपनी कोसळली, तेव्हा बंगळुरातील कलावंत रातोरात घरी बसले. काम उत्तम होते, ऑर्डरही मोठ्या होत्या. माल मात्र दुसऱ्याचा होता.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली. चार ओळी लिहिल्या की हलते चित्र तयार. मधला भराव, साधी हालचाल, सरधोपट जाहिरात ही कामे आधी जातील. म्हणून मुलाला स्टुडिओच्या नोकरीच्या आशेवर एवढ्या लहान वयात एकाच मार्गाला लावणे आम्हाला धोक्याचे वाटते.

मग शिकून करायचे काय? पहिले गिऱ्हाईक घरात आहे.

मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. त्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा दुकानात उभा असतो तेव्हा गिऱ्हाइकाला तो एक भोपळा आणि एक दांडी दिसते. किंमत ऐकून तो दचकतो. भोपळा कसा वाळविला, आतून कसा साफ केला, तबली कशी बसविली, घोडीवर जवारी कशी काढली, हे कॅमेऱ्याला दाखविता येत नाही, कारण ते आत आहे किंवा केसाएवढे बारीक आहे. तीस सेकंदांच्या ॲनिमेशनमध्ये तंबोरा उकलून त्याचे भाग हवेत सुटे करता येतात, घोडीवरचा धागा आणि तारेचे कंपन शंभरपट मोठे करून दाखविता येते. परदेशातील गिऱ्हाईक ते फोनवर पाहील आणि भाव का आहे हे त्याला कळेल. हे काम मुंबईचा स्टुडिओ करील, पण जवारी म्हणजे काय हे त्याला विचारावे लागेल. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र करील, पण खुंट्या भलत्या ठिकाणी लावील. सतारमेकराच्या घरात वाढलेला दहावीचा मुलगा त्या चुका करणार नाही.

हेच फर्निचरवाल्याचे. गुंडाळता येणारा पलंग गिऱ्हाइकाला उघडून-मिटून दाखवावा लागतो. तो लाकूड कापण्याआधीच पडद्यावर उघडून दाखविता आला तर माप चुकणे, परत आणणे, वाद हे सारे वाचते. गवंडी-कंत्राटदाराला जिना कोठून फिरेल ते दाखविता येते. जरदोजीच्या कारखानदाराला नक्षी कापडावर चढविण्याआधी फिरवून पाहता येते. मोटार गॅरेजवाल्याला वॉल्व्ह कोठे जळला ते समजावून देता येते. दुकानदाराला ईदच्या मालाची पंधरा सेकंदांची जाहिरात मोबाईलवर पाठविता येते. यात कोणी लखपती होईल असे नाही, पण घरचा माल चार ठिकाणी पोचतो आणि मुलाजवळ दाखविण्यासारखे खरे काम जमा होते. पुढे त्याला कोठेही प्रवेश किंवा नोकरी हवी असेल तर प्रमाणपत्राआधी हेच पाहतात.

मालेगावात हे वेगळ्या वाटेने होऊन गेले आहे. शेख नासिर व त्यांच्या मित्रांनी तुटपुंज्या साधनांवर चित्रपट काढले. त्यावरचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा फैजा अहमद खान यांचा माहितीपट २००८ चा. सुपरमॅन झालेला तरुण यंत्रमागावर काम करणारा होता. त्याला आकाशात उडविण्यासाठी हिरव्या कापडापुढे चित्रण करून मागचे दृश्य संगणकावर बसविण्याची युक्ती त्यांनी वापरली. त्यांना कोणी शाळेत शिकविले नव्हते. शाळेत शिकविले असते तर किती वर्षे वाचली असती, हा विचार मनात येतोच.

क्लासची फी भरण्याआधी

दहावीनंतर मुलगा बारावी करो, आयटीआयला जावो की धंद्यात बसो, निर्णय घरच्या परिस्थितीवर ठरेल. पुढे खरोखर याच विषयात जायचे असेल तर बारावी पुरी करावी हे बरे. कारण आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा किंवा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा यांसाठी बारावी लागते, शाखा कोणतीही चालते. मुंबईचे जे. जे. आहेच.

खाजगी क्लासला जायचेच असेल तर काही गोष्टी आधी पाहाव्या. 'शंभर टक्के नोकरी' अशी पाटी असेल तर मागील वर्षाची चार मुले कोठे आहेत ते विचारून त्यांना स्वतः भेटावे. नोकरीची हमी कागदावर लिहून देतात काय ते पाहावे. फी एकदम न भरता तिमाही भरता येते काय, मध्येच सोडल्यास किती परत मिळते, हे पावतीवर लिहून घ्यावे. आमच्या ओळखीच्या एका फर्निचर कारागिराने मुलाची सबंध वर्षाची फी आगाऊ भरली. तिसऱ्या महिन्यात शिकविणारा सोडून गेला, नवा आलाच नाही आणि पावतीवर 'फी परत मिळणार नाही' एवढी एकच ओळ स्वच्छ छापलेली निघाली. फीसाठी क्लासवाले हप्त्याची सोय करून देतात, ती बहुधा कोणा वित्त कंपनीचे व्याजी कर्ज असते. सही करण्याआधी तो कागद वाचवून घ्यावा. क्लास बंद पडला तरी ते हप्ते थांबत नाहीत.

मुलाची ओढ खरी आहे की चार दिवसांची, हे पाहण्यासाठी मात्र कोणाला काही द्यावे लागत नाही. बिलबुकाच्या आकाराची कोरी चिठ्ठ्यांची एक गड्डी त्याला आणून द्यावी. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चेंडू थोडा थोडा खाली काढायचा, मग वर न्यायचा. चाळीस पाने झाली की अंगठ्याने सर्रकन सोडून पाहायची. चेंडू पडताना जड वाटला नाही तर दुसरी गड्डी घ्यायची. तिसरी गड्डी मुलाने आपणहून मागितली तर जूनमध्ये मुख्याध्यापकांना जाऊन भेटावे.